साडेसात लाखांचं घर

नागनाथ मुखेडकरांनी तेहतीस वर्षं सरकारी विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचे दावे तपासले होते. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रक, पाण्यात गेलेली गोदामं. नांदेड, अकोला, रायपूर, कोटा असं फिरत फिरत शेवटची बदली जयपूरला झाली. निवृत्तीनंतर नांदेडला परतायचं हे पक्कं होतं. तिथे तीन खोल्यांचं घर बांधून भाड्याने देऊन ठेवलं होतं. पण निवृत्तीच्याच वर्षी त्यांच्या पत्नीचं, विजयमालाबाईंचं, आजारपण निघालं. उपचार जयपुरात सुरू झाले आणि दीड वर्षाने त्या गेल्या. नागनाथराव जवाहर नगरातल्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर राहिले ते राहिलेच. परत जायचं तर कुणासाठी, असं ते म्हणायचे.

पुढच्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी रुचिता गुडगावहून परत आली. सहा वर्षांचा संसार कोर्टात सही करून संपला होता. नोकरीही तिने सोडून दिली होती. आली, आईच्या खोलीत गेली, आणि आठ महिने त्या खोलीतून म्हणावी तशी बाहेर पडलीच नाही. नागनाथराव सकाळी पोहे करून दाराशी हाक मारायचे. कधी ती यायची, कधी दुपारी ताटली तशीच गार झालेली सापडायची. ते काही विचारत नसत. डॉक्टरांच्या गोळ्या ती घेई, पण केस विंचरत नसे.

मग शाळेतली एक मैत्रीण तिला जवळजवळ ओढतच अलवरकडच्या एका खेड्यात घेऊन गेली. तिथे आठ दिवस मातीचं घर कसं बांधायचं ते शिकवत. नवव्या दिवशी रुचिता परत आली तेव्हा तिच्या नखांत माती होती, नाक उन्हाने सोललं होतं, आणि तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीन पोळ्या खाल्ल्या.

"बाबा, सीतापुऱ्याच्या पुढे आपला प्लॉट आहे ना, दोनशे गजांचा," घास तोंडात असतानाच ती म्हणाली, "तिथे घर बांधू या. मातीचं. आपण स्वतः."

नागनाथराव तिच्याकडे बघत राहिले. आठ महिन्यांत उद्या-परवाचं काही तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं.

"किती लागतील?"

"साडेसात लाख. मतलब, सहाशे फुटांच्या घराला. माती तर प्लॉटवरचीच असते. त्यांनी पूर्ण हिशेब करून दाखवला. सिमेंटचं बांधलं तर पंचवीस लागतात, बाबा."

बायकोच्या आजारपणातून उरलेले आठ लाख बँकेत होते. नागनाथरावांनी तवा खाली उतरवला, हात पुसले.

"बांधू की," ते म्हणाले.

त्या दोघांनी काम वाटून घेतलं. भिंतींचं रुचिताने बघायचं, पैशांचं नागनाथरावांनी. दसरा झाला आणि पाया आखला. चाकसूकडचा रामनारायण नावाचा म्हातारा मिस्त्री मिळाला. त्याच्या लहानपणी गावात सगळी घरं मातीचीच होती. त्याने पहिल्या दिवशी प्लॉटवरची मूठभर माती पाण्याने भिजवून घट्ट दाबली, मग मूठ उघडली. माती बोटांमधून गळून पडली.

"बाबूजी, ये तो रेत है," तो म्हणाला.

नुसत्या रेतीवर भिंत धरत नाही. तळ्यातली चिकणमाती ट्रॅक्टरने आणावी लागली. एक ट्रॉली अठ्ठावीसशेची, आणि लागल्या चाळीसच्या वर. पायाला दगड, दगडाला चुना. वाळवीचं औषध. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. जोतं जमिनीच्या वर येईतो पाच लाख संपले होते, आणि भिंतीचा पहिला थरही अजून चढायचा होता.

त्या जोत्यावर बसून नागनाथरावांच्या ध्यानात आलं की भिंती मातीच्या असल्या म्हणून घर मातीच्या भावात होत नाही. पाया लागतो तो लागतोच. छताला दगडाच्या पट्ट्या, लोखंडी गर्डर, दारं, खिडक्या, नळ, वायरी, हे सगळं सिमेंटच्या घराला लागतं तेवढंच लागतं. वाचतात त्या फक्त विटा, आणि विटांच्या जागी लागतात माणसं. माती तुडवायला, भुसा मिसळायला, गोळे करायला, ते हातोहात वर द्यायला. जिथे अशी घरं पूर्वी होत होती तिथे भावकी यायची, शेजार यायचा, दुपारच्या जेवणावर भिंत चढायची. नागनाथरावांची उभी हयात बदल्यांत गेली होती. हाक मारली की येतील अशी चार माणसं त्यांना या शहरात जोडता आली नव्हती. म्हणून प्रत्येक हात सातशे रुपये रोजाने आणावा लागत होता, आणि असे सात जण रोज लागत होते.

हे रुचिताला सांगायचं म्हणून ते उठले. ती समोर चिखलात होती. सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, कपाळावर माती, दोन मजूर बायकांच्या खांद्यांवर हात टाकून ती गारा तुडवत होती आणि त्यांच्यातली एक काहीतरी म्हणाली त्यावर हसत होती. हसताना तिचे डोळे तिच्या आईसारखे बारीक व्हायचे. नागनाथरावांनी ते किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बाबा, यांना रोज किती द्यायचा ठरला?" तिने तिथूनच विचारलं. "आपण चारशे धरले होते."

माणूस खोटं बोलतो तेव्हा गोल आकडा सांगतो, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

"चारशे दहा," नागनाथराव म्हणाले.

तिथून पुढे ते सोपं होत गेलं. आदर्श नगरात एक जुनं घर पाडलं जात होतं, तिथून सागवानी दारं-खिडक्या एक लाख साठ हजारांना घेतली. रुचिताला सांगितलं, "मालक आपला जुना दावेदार आहे. आग लागली होती त्याच्या दुकानाला. मी त्याचं काम लवकर केलं होतं. नुसत्या टेम्पोच्या भाड्यात दिली बघ." छताच्या पट्ट्यांची, वायरिंगची, प्रत्येकाची अशी एकेक ओळख निघाली. रुचिता हरखून जायची. "बाबा, तुमच्या ओळखी म्हणजे ना!" असं म्हणून ती पुन्हा भिंतीकडे वळायची. रामनारायणला नागनाथरावांनी एका बाजूला घेऊन हात जोडले होते. म्हाताऱ्याला स्वतःच्या तीन मुली होत्या. त्याने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

डिसेंबरात एका चुलतभावाच्या मुलाचं लग्न आहे असं सांगून ते नांदेडला गेले. लग्न नव्हतं. त्यांच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूनेच ते घर बावीस लाखांना घेतलं. सही करण्याआधी नागनाथराव एकदा आत जाऊन आले. स्वयंपाकघरातला ओटा बाकीच्या घरांतल्या ओट्यांपेक्षा चार बोटं खाली होता. विजयमालाबाई ठेंगण्या होत्या. गवंड्याशेजारी उभ्या राहून त्यांनी तो आपल्या मापाचा करून घेतला होता. त्या ओट्यावर त्यांचा स्वयंपाक झाला तो उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये, मोजून सात-आठ वेळा. भाडेकरूची बायको म्हणाली, "काका, ओटा मात्र आम्ही उंच करून घेणार आहोत. कंबर मोडते." नागनाथराव म्हणाले, "घ्या ना. तुमचंच घर आहे आता."

परत येऊन त्यांनी रुचिताला लग्नाच्या जेवणाचं वर्णन करून सांगितलं.

वैशाखात घर उभं राहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी. भिंती हातभर जाड. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन असायचं आणि आत पाऊल टाकलं की गारवा. पश्चिमेच्या भिंतीला रुचिताने स्वतः गिलावा केला होता, तळहाताने, एकेक वीत. जवाहर नगरची जागा सोडून दोघं तिथे राहायला गेली. घराला एकोणीस लाखांच्या वर चाळीस हजार लागले होते. हा आकडा नागनाथराव आणि रामनारायण सोडून कुणाला माहीत नव्हता.

रुचिता आता सकाळी सहाला उठायची. चेहरा भरला होता. तिने घराचे फोटो टाकले आणि रविवारी माणसं बघायला येऊ लागली. कॉलेजातली मुलं, निवृत्त बँक अधिकारी, लष्करी छावणीतली दोन मराठी कुटुंबं. ती सगळ्यांना घर फिरवून दाखवायची आणि शेवटी ओसरीवर चहा देताना सांगायची, "साडेसात लाख. आम्ही दोघांनी मिळून." मराठी मंडळाच्या गणपतीत तिला या घरावर बोलायला बोलावलं. तिथेही ती पंधरा मिनिटं बोलली, थोडं मराठीत, थोडं हिंदीत, आणि टाळ्या पडल्या. नागनाथराव दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्या गणपतीतच चंदन निकमने तिचं बोलणं ऐकलं. चंदनचे वडील इथल्या छावणीत हवालदार होते; निवृत्त झाल्यावर ते साताऱ्याला गेले, चंदन इथेच राहिला. सीतापुऱ्यात कपडे शिवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात तो कटिंगच्या टेबलावर होता. बायको सोनल त्याच कारखान्यात धागे कापायची. चार वर्षांची मुलगी होती. कारखान्यामागच्या एका खोलीत तिघं राहायची. शंभर गजांचा एक तुकडा त्यांनी कसाबसा घेऊन ठेवला होता, आणि पाच लाख नव्वद हजार जमवले होते.

पुढच्या रविवारी तिघं स्कूटरवरून आली. चंदनने भिंत वितीने मोजली. सोनल काही न बोलता प्रत्येक खोलीच्या दारात थोडा थोडा वेळ उभी राहिली. मुलगी थंड जमिनीवर पालथी पडून राहिली, तिला कुणी उठवलं नाही.

"काका, माझी मराठी अशीच आहे, हसू नका," चंदन ओसरीवर बसल्यावर म्हणाला. "मला एकच विचारायचंय. मतलब, खरंच साडेसात? आम्हाला तर एक खोली आणि किचन, बस. याच्या अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. तर पाच-साडेपाचमध्ये होईल ना?"

रुचिता शेजारीच बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलं, चेहऱ्यावर अभिमान घेऊन.

"हिशेब हिचा आहे," नागनाथराव म्हणाले. "हिलाच विचारा."

"होईल," रुचिता म्हणाली. "आणि माझी मजुरी फ्री. मी दर शनिवार-रविवार येईन."

ती तिघं निघाली तेव्हा नागनाथराव त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. चंदन स्कूटरला किक मारत होता. सोनलने मुलीला मध्ये बसवलं आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं, हे काहीतरी म्हणणार आहेत असं तिला वाटलं असावं. मागे ओसरीवर रुचिता कप गोळा करत गुणगुणत होती.

"पाया दगडाचाच घाला," नागनाथराव म्हणाले. "त्यात काटकसर नको."

"हो काका," चंदन म्हणाला, आणि स्कूटर निघून गेली.

संक्रांत झाल्यावर चंदनने काम सुरू केलं. पाया दगडाचाच घातला. त्यातच पावणेतीन लाख गेले. रुचिता शनिवार-रविवार सकाळी जायची ती अंधार पडताना चिखलाने माखून परत यायची. पहिले काही आठवडे खुशीत असायची, मग चिडून येऊ लागली.

"बाबा, रामनारायणजी त्यांच्याकडून सातशे मागतात. आपल्याला चारशे दहा आणि त्या गरिबांना सातशे. हे काय आहे?"

"भाव वाढले असतील," नागनाथराव म्हणाले.

"एका वर्षात? मी भांडले त्यांच्याशी. ते काही बोललेच नाहीत, नुसते खाली बघत बसले."

दोन दिवसांनी रामनारायण स्वतःच आला. रुचिता घरात नव्हती. तो ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. आपण चंदनचं काम सोडतो आहोत, असं त्याने हिंदीत सांगितलं. चारशेत मजूर मिळत नाहीत आणि सातशे त्याच्याकडे नाहीत. "बाबूजी, आप उन्हें बता दीजिए. मैं बोलूँगा तो बेटी का दिल टूटेगा, आपका भी."

"सांगतो," नागनाथराव म्हणाले. "मी पैसे देतो वरचे. त्याला कळू देऊ नका. तुम्ही काम सोडू नका."

रामनारायणने हात जोडले. मग म्हणाला, एकदा तुमच्या मुलीसाठी मी खोटं बोललो. आता या माणसाच्या घराचं खोटं माझ्याच्याने होणार नाही. आणि गेला.

नागनाथरावांनी त्या आठवड्यात तीनदा चंदनचा नंबर लावला आणि तिन्ही वेळा घंटी वाजायच्या आत बंद केला. पगारवाढ होईल, सासरकडून काही मिळेल, छत चढेल कसंतरी, असं ते स्वतःला सांगत राहिले. दावे तपासताना लोकांच्या तोंडून हीच वाक्यं त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती.

मजुरांविना चंदन आणि सोनल दोघंच काम करू लागली. कारखाना सुटल्यावर दोन तास, आणि सुट्टीच्या दिवशी उजाडल्यापासून. चिकणमातीच्या ट्रॉल्यांना पैसे उरले नाहीत म्हणून त्यांनी वरचे थर प्लॉटवरच्याच रेताड मातीचे चढवले. मे महिना उजाडला तेव्हा भिंती सात फुटांपर्यंत आल्या होत्या आणि हातात अठरा हजार शिल्लक होते. छताला एक लाख नव्वद हजार लागणार होते. भाड्याची खोली त्यांनी एप्रिलच्या शेवटी सोडली होती. भिंतींना टेकवून प्लास्टिकचा कागद ताणून ती तिघं तिथेच राहत होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आंधी आली. आधी पिवळी धूळ, मग वारा, मग मोठ्या थेंबांचा पाऊस, पाऊणएक तास. अशा आंध्या जयपुरात दर उन्हाळ्यात येतात आणि लोक दारं लावून चहा करतात. वाऱ्याने कागद उडाला. चंदन आणि सोनल कारखान्यात होती, मुलगी शेजारणीकडे. दोघं परत आली तेव्हा दोन भिंती कोसळून पडल्या होत्या आणि तिसरी मधोमध फाटली होती. गॅसची शेगडी, मुलीची कपड्यांची पिशवी, धान्याचे डबे खाली दबले होते.

रुचिता दुसऱ्या दिवशी सकाळी बघून आली. घरी आली ती चप्पलही न काढता सरळ आत आली. नागनाथराव वाटाणे सोलत होते.

"रामनारायणजींना फोन लावा," ती म्हणाली. "त्यांनी त्या माणसाला बुडवलं. सातशे मागितले नसते तर मजूर टिकले असते, माती चांगली आली असती, छत झालं असतं. मी चंदनला म्हटलं, तुम्ही चुना कमी घातला. तो म्हणाला, ताई, तुम्ही सांगितलेत तेवढेच पैसे होते. काही वाकडं बोलला नाही, बाबा. नुसतं एवढंच. लावा फोन."

नागनाथरावांनी वाटाण्यांची परात बाजूला सरकवली.

"त्याने नाही बुडवलं," ते म्हणाले. "मी बुडवलं."

"म्हणजे?"

"आपल्याकडेही सातशेच दिले. सुरुवातीपासून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दारांचं, पट्ट्यांचं, चिकणमातीचं. तिला जे आकडे त्यांनी सांगितले होते ते त्यांना पाठ होते, आणि खरेही पाठ होते.

"एकूण किती?"

"एकोणीस लाख चाळीस हजार."

"आले कुठून?"

नागनाथरावांनी परातीतला एक वाटाणा उचलून परत ठेवला.

"बाबा, कुठून आले?"

"नांदेडचं घर दिलं."

रुचिता खाली बसली, जिथे उभी होती तिथेच, भिंतीला टेकून. बाहेर टँकर येऊन गेला, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, कुणी उठलं नाही.

"तुम्ही लग्नातल्या बासुंदीबद्दल पण सांगितलं होतं मला," ती शेवटी म्हणाली.

"तू जेवायला लागली होतीस," नागनाथराव म्हणाले. "मला दुसरं काही दिसत नव्हतं, बाळा."

"मला दिसत होतं." तिने समोरच्या दाराकडे बोट केलं. "सागवानाचं दार टेम्पोच्या भाड्यात कुणी देतं का? मी तेवढी भोळी नाही. मला विचारायचंच नव्हतं. मतलब, विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं. पण तुमच्यापुरतं ठीक होतं ना ते. माझ्यापुरतं ठीक होतं. मी स्टेजवरून सांगत सुटले लोकांना. तुम्ही मला तिथे थांबवायला पाहिजे होतं."

"होय," ते म्हणाले. "पाहिजे होतं."

संध्याकाळी दोघं रिक्षाने चंदनकडे गेली. सोनल पडलेल्या मातीतून डबे काढत होती. चंदन दगडी जोत्यावर बसला होता, मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती. नागनाथरावांनी उभ्यानेच सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. आकडे सांगितले, कारणही सांगितलं, आणि ते कारण सांगताना आपण दया मागतो आहोत असं त्यांचं त्यांनाच वाटलं, म्हणून ते मध्येच थांबले.

चंदन मुलीच्या केसांतली धूळ बोटांनी काढत राहिला.

सोनलने हातातला डबा खाली ठेवला. एवढ्या महिन्यांत ती नागनाथरावांशी कधी बोलली नव्हती.

"काका, तुम्ही त्या दिवशी गेटपर्यंत आला होतात," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मला वाटलं, काही सांगायचंय यांना. मी रस्त्यात यांना म्हटलं पण. हे म्हणाले, काकांना काय सांगायचं असेल, सोडायला आले असतील."

नागनाथरावांना तिच्याकडे बघवेना.

नांदेडच्या पैशातले साडेनऊ लाख बँकेत शिल्लक होते, त्यांच्या म्हातारपणासाठी ठेवलेले. त्यातले नऊ त्यांनी चंदनच्या नावावर केले. चंदन आधी घेईना. "तुम्ही मारून मुटकून तर बांधायला लावलं नव्हतं," तो म्हणाला. सोनलने घेतले. आभार मानले नाहीत, आणि मानायला हवेत असं नागनाथरावांना वाटलंही नाही. त्या जोत्यावर विटांची खोली आणि स्वयंपाकघर उभं राहिलं, दिवाळीआधी. वास्तुशांतीचं बोलावणं या दोघांना आलं नाही. पडलेली माती चंदनने शेजारच्या एका माणसाला भराव घालायला फुकट देऊन टाकली, असं नंतर रामनारायणकडून कळलं.

रुचिता त्याआधीच, श्रावणात, पुण्याला गेली. तिला तिथे जुन्यासारखी नोकरी मिळाली होती. भांडून गेली नाही. जायच्या आदल्या आठवड्यात तिने घराचे सगळे फोटो काढून टाकले, ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना खरा आकडा कळवला. मग बॅग भरताना म्हणाली, "बाबा, मी इथे नाही राहू शकत. जेवायला बसले की वाटतं कुणाच्यातरी ताटातलं खाते आहे. तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

"तुझी एका खोलीची जागा," ते म्हणाले. "आणि हे घर बंद ठेवलं तर दोन पावसाळ्यांत बसेल."

"विकून टाका."

त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. दलाल आला, आत फिरला, गारव्याचं कौतुक केलं, आणि म्हणाला की गिऱ्हाईक जमिनीचे पैसे देईल, वर हे पाडून माती उचलायचा खर्च त्यातून कापून घेईल. हे त्यांनी रुचितालाही सांगितलं. ती थोडा वेळ पश्चिमेच्या भिंतीकडे बघत राहिली, मग बॅगेची चेन लावली. स्टेशनवर तिने वाकून नमस्कार केला तेव्हा नागनाथरावांनी पाहिलं, तिचे केस नीट विंचरलेले होते, वेणी घट्ट होती. ती बरी झाली होती. गाडी हलल्यावर ते तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

आता ते एकटेच तिथे राहतात. पेन्शन येते, भागतं. मातीच्या घराला दर पावसानंतर हात फिरवावा लागतो, नाहीतर भिंतींचे पोपडे निघतात. रामनारायणचे गुडघे गेले, तो येत नाही. मजुरी आठशेवर गेली आहे. नागनाथराव स्वतःच स्टुलावर चढून गिलावा करतात, रोज दोन-तीन हात, दम लागला की ओसरीवर बसतात. अजूनही एखाद्या रविवारी जुने फोटो कुठेतरी पाहिलेलं कुणीतरी विचारत येतं. ते आत नेतात, चहा देतात आणि आकडा सांगतात. गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं होतं. ऐकून नवरा हसला, म्हणाला, "अंकल, इतने में तो फ्लैट आ जाता." नागनाथराव म्हणाले, "हां, आ जाता."

रुचिताचा फोन रविवारी दुपारी येतो. जेवलात का, औषध घेतलं का. चंदनचं नाव दोघंही काढत नाहीत. दिवाळीला ती येणार होती, ऑफिसचं काहीतरी निघालं. या रविवारी बोलणं संपत आलं आणि ती थांबली.

"पश्चिमेची भिंत कशी आहे?"

ठीक आहे, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"भेग पडली आहे," ते म्हणाले. "खालून वर गेली आहे, खिडकीपर्यंत. बोट आत जातं."

"फोटो पाठवा," रुचिता म्हणाली. "जवळून काढा. आणि स्टुलावर चढू नका, मी कुणालातरी विचारते."

"बरं," नागनाथराव म्हणाले. त्यांनी फोटो काढले, चार, प्रकाश नीट यावा म्हणून खिडकी उघडून, आणि पाठवले. तिने ते पाहिल्याचं फोनवर दिसलं. उत्तर यायची वाट बघत ते ओसरीच्या पायरीवर बसून राहिले.